भिंतीवरचे चौघे

टोक खाली केलेला लाल त्रिकोण आणि त्याच्या शेजारी चार हसरे चेहरे: बाप, आई, मुलगा, मुलगी. पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही हातात खडू द्या, न बघता काढून दाखवेल. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, पंचायत समितीच्या कुंपणावर, रेल्वेच्या पुलाखाली, आगपेटीवर, जिथे म्हणून नजर जायची तिथे हे चौघे आधीच जाऊन उभे असायचे. देवादिकांची चित्रं सोडली, तर आपल्या देशात एवढ्या वेळा रंगवलं गेलेलं दुसरं चित्र मला चटकन आठवत नाही.

मी उपयोजित कला शिकवते. पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेक मुलांची समजूत अशी असते की छान दिसेल असं काहीतरी करणं एवढंच आपलं काम. रंग जुळले, अक्षरं नीट बसली, चहूबाजूंनी मोकळी जागा सुटली की झालं. म्हणून सुरुवातीच्या दिवसांतच मी हे जुनं सरकारी चित्र त्यांच्यापुढे ठेवते आणि विचारते, हे कुणाशी बोलतंय, काय मागतंय आणि मागताना काय झाकून ठेवतंय? देखणेपणाच्या स्पर्धेत हे चित्र पहिल्याच फेरीत बाद होईल. पण माणसाचं मन वळवायला निघालेल्या चित्राच्या अंगी काय काय असू शकतं, चांगलं आणि भयंकर दोन्ही, ते या एका चित्राच्या चरित्रात सापडतं.

भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ साली हाती घेतला. असा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा आपला देश जगात पहिला. पण सुरुवातीची बरीच वर्षं प्रचाराची भाषा सभेतल्या भाषणाची राहिली. लोकसंख्या, अन्नधान्य, राष्ट्राची प्रगती. कागदावर मजकूर भरपूर आणि तो वाचू शकणारे थोडे. १९६१ च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं, बायकांमध्ये तर १५ च्या. ज्या बाईने नऊ महिने ओझं वाहायचं, तिच्यापर्यंत तो मजकूर पोचणारच नव्हता.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या कुटुंबनियोजन खात्यात प्रचाराचं काम पाहणारे धर्मेंद्र कुमार त्यागी, ज्यांना दीप त्यागी म्हणून ओळखत, यांनी हा पसारा आवरला. फोर्ड फाउंडेशनचे फ्रँक वाइल्डर त्यांच्या जोडीला होते. दोघांनी मिळून १९६८ साली या नव्या प्रचारावर लेखही लिहिला. एकच खूण, एकच चित्र, एकच वाक्य, आणि तेच सगळीकडे, असं त्यांनी ठरवलं. दो या तीन बच्चे, बस. देश, प्रगती, अन्नधान्य सगळं गळालं आणि आकडा उरला. मला यात फार मोठी समज दिसते. 'कुटुंब लहान ठेवा' या उपदेशाला मान डोलावून माणूस निर्धास्त घरी जातो, कारण लहान म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आकडा सांगितला की हिशेब सुरू होतो. माणूस भिंतीसमोर उभ्या उभ्या आपली पोरं मोजतो. त्याने मोजायला सुरुवात केली, की भिंतीचं अर्धं काम झालेलं असतं.

त्यागी १९६९ मध्येच, अकाली गेले. त्यांचं नाव आज आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्रिकोणाची निवड किती हुशारीची होती, हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावी साइनबोर्ड रंगवणारे एक पेंटर होते, त्यांना काम करताना बघून कळलं. आरोग्य खात्याचं काम आलं की ते आधी भिंतीला चुन्याचे दोन हात द्यायचे. मग गेरूत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. सटकन आडवी लाल रेघ उमटायची. त्या रेघेएवढाच दोरा घेऊन एका टोकाशी खिळा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खडू, खालच्या अंगाला एक कमान. मग दुसऱ्या टोकाशी खिळा, दुसरी कमान. दोन कमानी एकमेकींना छेदतील तिथे खालचं टोक. पट्टी नाही, कोनमापक नाही, आणि त्रिकोण तिन्ही बाजूंनी बरोबर. आत पी. ओ. रेड भरायचा, पोस्टाच्या पेटीचा लाल, तो प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळायचा. ज्याला अक्षरओळख नाही असा पोऱ्यासुद्धा हे काम निभावून नेऊ शकत होता. शेकडो भाषांच्या, हजारो पेंटरांच्या देशात दिल्लीत काढलेली खूण गडचिरोलीच्या टोकाला पोचेपर्यंत बिघडू नये, याचा विचार त्या आकारातच होता. आणि तो आकार तोवर कुठल्या पक्षाचा नव्हता, कुठल्या धर्माचा झेंडा नव्हता. श्रीयंत्रात खाली टोक असलेला त्रिकोण शक्तीचा मानतात, हे जाणकारांना ठाऊक. भिंतीपुढून बैल हाकत जाणाऱ्याला ते ठाऊक असायची गरज नव्हती. त्याला फक्त लाल दिसायचा. लाल म्हणजे कुंकू आणि लाल म्हणजे थांब. दोन्ही अर्थ एकाच डब्यातून भिंतीवर उतरले.

चेहऱ्यांसाठी पेंटरांकडे एक कागद होता. चित्राच्या रेघांवर सुईने भोकं पाडलेली. कागद भिंतीला धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत न्यायची, की मागे काळे ठिपके. मग ब्रशने ठिपके जोडायचे. पण जोडता जोडता पेंटरांचा हात मोकळा सुटायचा. आमच्याकडच्या बापाला मिशा होत्या. आईच्या कुंकवाचा आकार चांगला रुपयाएवढा होता. वरून आलेल्या आदेशात त्यांनी तालुका मिसळला होता, आणि माझ्या मते चित्राला जी काही माया लाभली ती तिथून लाभली.

आता हे चित्र पटवतं कसं? आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या, अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. मी त्या चित्राला लावून बघते आणि त्या चपखल बसतात. अभिधेने पाहिलं तर चार माणसं. लक्षणेने पाहिलं तर ही चार माणसं म्हणजे कुटुंब, कुठलंही, तुमचंही. व्यंजना मात्र खोल शिरते. बापाचे केस विंचरलेले आहेत. आई थकलेली नाही. पोरांची गालफडं बसलेली नाहीत. चौघेही आपल्याकडे बघून हसतायत. म्हणजे यांचं पोट भरलेलं आहे, यांच्या घरी आजारपण नाही, उद्याची काळजी नाही. यातलं एक अक्षर भिंतीवर लिहिलेलं नसतं. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात सिद्धांत मांडतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. ऐकणाऱ्याला निदान कळतं की बुवांना काय सिद्ध करायचं आहे. चित्राला पूर्वरंग नसतो. ते थेट आख्यान सुरू करतं आणि सिद्धांत आपण आपल्याच मनाशी मांडून मोकळे होतो.

ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचा विचार करताना हे नेमकं हेरलं होतं. सगळी विधानं वक्त्याने बोलायची नाहीत, एखादं गाळायचं. ऐकणारा ते स्वतः भरून काढतो. आणि जे आपणच भरलं त्याच्याशी वाद कोण घालणार? विसाव्या शतकात रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने १९६४ साली एका पास्त्याच्या जाहिरातीचा याच नजरेने उलगडा केला. जाळीच्या पिशवीतून सांडलेले टोमॅटो, कांदे आणि पाकिटं, एवढ्यावर सगळा इटली कसा उभा केला जातो, ते त्याने दाखवलं. तो निबंध मी मुलांना वाचायला देते. पण आरोग्य केंद्राच्या भिंतीवर त्यांना ते जास्त लवकर कळतं.

याच प्रचारातलं दुसरं एक जुनं चित्र आहे, दोन कुटुंबांचं. डावीकडे सात-आठ पोरं, फाटके कपडे, गळकं छप्पर, कपाळाला हात लावून बसलेला बाप. उजवीकडे दोन पोरं, दप्तरं, कौलारू घर, हसरा बाप. हे चित्र नाना हातांनी नाना रूपांत काढलं गेलं. दोन चित्रांच्या मध्ये एक बारीक उभी रेघ असते आणि त्या रेघेतच सगळी करामत आहे. ती रेघ म्हणते, 'म्हणून'. पोरं जास्त, म्हणून गरिबी. डावीकडच्याला जमीन होती का, मजुरी किती मिळत होती, गावात दवाखाना होता का, सावकाराचं देणं होतं का, हे विचारायला त्या कागदावर जागाच ठेवलेली नाही. गरिबीची सगळी जबाबदारी गरिबाच्या अंथरुणावर टाकून चित्र मोकळं होतं. दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवणं हे आमच्या व्यवसायातलं सगळ्यात सोपं काम आणि, माझ्या मते, सगळ्यात जोखमीचं. आधी आणि नंतर, हे आणि ते, काळं आणि गोरं. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती वर्षानुवर्षं याच एका रेघेवर चालल्या.

माझ्या आजीने त्या चौघांकडे बघून जे विचारलं होतं, ते मी वर्गात आवर्जून सांगते. आरोग्यसेविका घरी कॅलेंडर देऊन गेली होती. आजीने ते हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाकीची कुठं गेली गं?"

आजीची निम्मी मुलं लहानपणीच गेली होती. कुणी गोवरात, कुणी हगवणीत. सत्तरीच्या सुरुवातीलादेखील आपल्याकडे जन्मलेल्या हजार मुलांमागे शंभराहून जास्त मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. तिच्या डोळ्यांना दोन मुलांचं चित्र सुखाचं दिसणंच शक्य नव्हतं. तिला ते घर रिकामं दिसत होतं. चित्र काढणाऱ्याने गृहीत धरलं होतं की काढलेली दोन मुलं जगणार. बघणाऱ्या बाईला ते गृहीत धरता येत नव्हतं, आणि तिचा सगळा संसार त्या एका फरकावर उभा होता. जगतील याची खात्री द्या, मग आकडा सांगा, असं तिला म्हणायचं असावं. चित्राला ते ऐकू येण्याची सोय नव्हती.

आत्याची गोष्ट निराळी. तिला तीन मुली. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेली असताना तिची मधली लेक भिंतीवरच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, आपल्याकडचा हा कुठाय?" आत्या काही बोलली नाही. पण पोरीला जे दिसलं ते अगदी खरं होतं. पुढे हम दो, हमारे दो आलं, तरी त्या दोघांत एक मुलगा आणि एक मुलगी ठरलेली. दिल्लीच्या मनात कदाचित समतोल दाखवायचा असेल. पण ज्या समाजाला मुलगा हवाच असतो, त्या समाजाला त्या चित्राने सांगितलं की पूर्ण कुटुंबात मुलगा असतोच. आकडा दोनवर आला आणि त्यातला एक मुलगाच हवा, हा हट्ट मात्र जागेवर राहिला. मग यंत्रं आली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रालाच करावा लागला, देशाचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ ला ९१३ मुली होत्या त्या २०११ ला ८९४ उरल्या. त्याच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाने वाढलेल्या मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. या सगळ्याचं पाप एका पोस्टरच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. हे दुखणं पोस्टरच्या कितीतरी आधीचं. पण दोन मुली आणि आईबाप असे चौघे पहिल्यापासून भिंतीवर हसत राहिले असते तर त्या मधल्या लेकीने तो प्रश्न विचारला नसता, एवढं मला नक्की वाटतं. अशी चित्रं पुढे आली. उशिरा आली.

मन वळवण्याचे आणखीही मार्ग होते आणि त्यातले काही फार सुंदर होते. १९६८ साली 'निरोध' हा कंडोम बाजारात आला, तीन नगांना पंधरा पैसे. तो विकायला चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं जाळं वापरलं गेलं. चहाच्या पुड्यांशेजारी फळीवर ते पाकीट बसलं, आणि जी गोष्ट कुजबुजत बोलायची ती किराणामालाच्या यादीत आली. लाज घालवायची तर कुठे ठेवायचं, हे ज्याला सुचलं त्याला मी मनोमन नमस्कार करते.

दुसरीकडे आमिषांचा मार्गही तेव्हाच सुरू झाला होता. नसबंदी करून घेणाऱ्याला ट्रान्झिस्टर देण्याची घोषणा झाली. मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली. रोख रक्कम, प्रवर्तकाला दलाली. इथे मन वळवणं संपून सौदा सुरू झाला होता, आणि सौद्याच्या पुढच्या पायरीवर काय असतं ते देशाने लवकरच पाहिलं.

आणीबाणीच्या काळात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना टार्गेटं ठरवून दिली गेली. ठरलेल्या 'केसेस' आणल्या नाहीत तर पगार अडणार. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या वर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. हरियाणातल्या उटावर गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नेलं. महाराष्ट्रही मागे नव्हता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तीन मुलं असलेल्यांवर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक १९७६ साली आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच.

आणि या सगळ्या काळात भिंतीवरचे चौघे हसतच होते. माझ्या दृष्टीने या चरित्रातलं सगळ्यात हादरवणारं पान हे आहे. चित्रातली एक रेघ बदलली नव्हती. तोच त्रिकोण, तोच पी. ओ. रेड. पण त्रिकोण रंगवलेली जीप गावात शिरली की बाप्ये शेताकडे पळत, अशा आठवणी किती गावांतून ऐकायला मिळतात. ज्या खुणेत काही वर्षांपूर्वी डॉक्टर, औषध, सल्ला दिसायचा त्याच खुणेत आता पोलिसांची गाडी दिसू लागली. चित्राचा अर्थ रेघेत असतो त्याहून जास्त, ते कुणाच्या हातात आहे यात असतो. आणि मन वळवणं हे 'नाही' म्हणायची मुभा असेतोवरच मन वळवणं असतं. ती मुभा काढून घेतली की तेच पोस्टर जप्तीची नोटीस होतं, मग त्यावरची माणसं कितीही गोड हसू देत.

मुलं इथे हमखास विचारतात, यात चित्र काढणाऱ्याचा काय दोष? त्यागी तर तेव्हा हयातही नव्हते. दोष नाहीच. पण मी त्यांना म्हणते, दोषाचा विचार बाजूला ठेवा आणि त्या चित्राच्या घडणीत एवढंच शोधा, की बघणाऱ्याने उलट बोलायचं ठरवलं तर त्याला कुठे जागा होती? एकच वाक्य, एकच आकडा, शेवटी 'बस'. ज्या ठामपणाचं मी वर मनापासून कौतुक केलं, तोच ठामपणा सत्तेच्या हाती गेल्यावर किती सहज हुकूम झाला. मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. गुळमुळीत चित्र कुणाच्या उपयोगाचं नसतं आणि ठाम चित्र कुणाच्याही उपयोगाचं असतं.

१९७७ मध्ये सरकार पडलं. कुटुंबनियोजनाचं कुटुंब कल्याण झालं. पण पुरुषांनी तेव्हा जी पाठ फिरवली ती आजतागायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं; नवऱ्याचं झालेलं असण्याचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, काही मिनिटांची, पोट उघडायचं नाही, भूल जागेपुरती. तरी टेबलावर बाईच. भिंतीवर आईबाप एका उंचीवर, शेजारी शेजारी हसत होते. घरात तसं कधी घडलं नाही.

या विषयात आपल्याकडे एक फार वेगळी वाट रघुनाथ धोंडो कर्व्यांनी काढली होती, सरकार जागं होण्याच्या कितीतरी आधी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्यापायी महाविद्यालयातली नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवलं. त्याच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रीदेहाची चित्रं असायची. तेही दृश्यभाषेतलं एक विधानच होतं, आणि कमालीचं धीट. शरीराची लाज वाटत असेल तर हे मासिक हातातच घेऊ नका, असं ते दारातच सांगून टाकायचं. त्या चित्रांबद्दल माझ्या मनात किंतु आहे. उघड्या बाईच्या देहावरच धिटाईची परीक्षा का, असा प्रश्न आजच्या नजरेला पडतोच. पण मुखपृष्ठ उलटून आत गेलं की वाचकांचे प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरं. लोक नाव न देता काय वाट्टेल ते विचारत आणि हा गणिताचा प्राध्यापक आडपडदा न ठेवता, न चिडता-लाजता उत्तर देई. खटला झाला तोही त्या उत्तरांवरून. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले. सरकारी यंत्रणेला प्रश्न विचारू देणारं पान धोक्याचं वाटलं, यात मला पुष्कळ काही दिसतं. कर्व्यांचा खप तो किती! भिंतीवरच्या त्रिकोणापुढे नगण्य. पण विचारणाऱ्याला परत विचारता येत होतं.

यंदा मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पुरुष नसबंदीवर पोस्टर करायला दिलं, आणि अट घातली की पोस्टर जिथे लावाल तिथे दिवसभर शेजारी उभं राहायचं, बोलायचं नाही, ऐकायचं. एका मुलीने चांगलं चित्र केलं होतं. बाप शेतातून येतोय, खांद्यावर लेक, मागे आई झोपाळ्यावर निवांत बसलेली. आरोग्य केंद्राच्या ओपीडीत ती ते लावून उभी राहिली. लसीकरणाला पोरं घेऊन बायका आल्या. बराच वेळ बघून त्यातली एक आशाताईंना म्हणाली, "हे इथं कशाला लावलंय? इथं बाप्ये येतात कुठं? त्याला सलूनमध्ये लावा, नाहीतर गिरणीपाशी." दुसरी म्हणाली, "आणि ही झोपाळ्यावर बसलेली काढून टाका. सासूनं बघितलं तर ऑपरेशन राहील बाजूला, आधी हिलाच बोलणी बसतील."

मुलगी हिरमुसली नाही, हे मला फार आवडलं. तिने रात्रीत चित्र बदललं. आईच्या हातात टोपली दिली, बापाच्याही हातात दिली. सलूनवाल्याने आधी नाही म्हटलं, गिऱ्हाईक तुटेल म्हणाला; मग आरशाच्या बाजूची जागा दिली. तिथे दाढीला बसलेल्या माणसाला वीसेक मिनिटं दुसरीकडे बघताच येत नाही. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एक जण चेहऱ्याला साबण असताना आरशातूनच म्हणाला, "जड उचलता येतं का पण नंतर?" तिच्या पोस्टरवर याचं उत्तर नव्हतं. आता तिने चित्राचा खालचा भाग मोकळा सोडलाय, रेघा मारल्यात आणि दोऱ्याला पेन बांधलंय. चार-पाच प्रश्न जमलेत, एक-दोन वाचवत नाहीत इतके अडाणी, एक फार गंभीर आहे. तो आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. येत्या बाजाराच्या दिवशी ती उत्तरं घेऊन तिथे जाणार आहे, आणि या खेपेला मीही बरोबर जाणार आहे.